नाकतोड्याची टाच

५ जानेवारी, रविवार

टाइल्सचा दुकानदार दर वर्षी आम्हा फरशी बसवणाऱ्यांना एकेक डायरी फुकट देतो. आजवरच्या सगळ्या डायऱ्यांत मी खोल्यांची मापं लिहिली आणि उरलेली पानं हिने काचा पुसायला वापरली. ही म्हणजे माझी बायको. चष्म्याच्या दुकानात काम करते, त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला स्पष्ट दिसतं अशी तिची समजूत आहे. आज मला लिहिताना बघून म्हणाली, "तुम्ही आणि डायरी? काय लिहिणार?" म्हटलं, यंदा आपल्या घरात लिहिण्यासारखं घडणार आहे, बघच तू.

तर आमचा नाकतोडा. म्हणजे आमची मुलगी. वय अकरा, पाय दोन, पण एकही जमिनीवर ठरत नाही, म्हणून हे नाव मीच ठेवलं. गेल्या वर्षापासून दोरीउड्यांच्या क्लबात जाते. मी आधी हसलो होतो. दोरीवरच्या उड्या काय, सगळीच पोरं मारतात. मग एकदा तिला आणायला गेलो आणि हॉलच्या दारातच खिळलो. दोर दिसतच नव्हता. नुसता सूं सूं आवाज, आणि त्या आवाजाच्या मधोमध माझी मुलगी, हवेत टांगून ठेवल्यासारखी. एका उडीत दोर पायाखालून दोनदा जातो. दोनदा! मी घरी येऊन करून बघितलं तर एकदाही गेला नाही, आणि दिव्याची काच फुटली.

काल क्लबच्या मॅडमनी बोलावून सांगितलं, जूनमध्ये मोठ्या स्पर्धेला पाठवायची जोडी निवडायची आहे, आणि ही मुलगी त्यात येऊ शकते. फक्त सराव वाढवायला हवा. मी सायकल हातात धरून चालतच घरी आलो, कारण डोक्यात चक्रं फिरत होती. घरामागे पत्र्याची शेड आहे. तिच्यात माझ्या उरलेल्या टाइल्स, रिकामी पोती आणि कोळी राहतात. खाली माती, तीही खड्ड्याखड्ड्यांची. ती जमीन मी करणार. लोकांच्या घरांत एवढ्या फरश्या बसवल्या, एक आपल्या मुलीसाठी.

१२ जानेवारी, रविवार

शेड रिकामी केली. कोळ्यांना दुसरीकडे जागा बघायला सांगितलं. खडी ठोकून घट्ट केली, वर काँक्रीट ओतलं, पाण्याची नळी लावून चारही कोपरे एका पातळीत आणले. नाकतोडा दारात उभी राहून "झालं? आता झालं?" करत डोकं खात होती. दुपारी वरून वाळल्यासारखं दिसलं म्हणून पाय टाकायला गेली, तेव्हा मी असा ओरडलो की शेजारच्या आजी बाहेर आल्या. तिला समजावलं, हे वरून कडक दिसतं पण आतून कच्चं असतं. रोज पाणी पाजायचं आणि वाट बघायची. घाई केली तर कायमच्या भेगा.

"नुसतं पाणी? त्याला भूक लागत नाही?" म्हणाली. या पोरीच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

फरशी झाली. पाय घसरायला नको म्हणून खरबरीत दगडी फरशी घेतली. रबरी हातोड्याने एकेक ठोकून ऐकली, कुठेही पोकळ आवाज नाही. इतकी टणक आणि इतकी सपाट जमीन मी अजून कुणालाच करून दिलेली नाही, अगदी त्या हॉटेलवाल्याच्या मोठ्या हॉलमध्येसुद्धा नाही. गोटी ठेवली तर जागची हलत नाही.

मग ती आली. बूट आवळले, दोर घेतला आणि सुरू झाली. पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज असा घुमायला लागला की मला वाटलं, बाहेर कुणी टाळ्या वाजवतंय. मी दाराला टेकून बघत होतो. ही आमच्याकडे कुठून आली, असंच वाटलं. मी आयुष्य गुडघ्यांवर बसून जमिनी करण्यात घालवलं आणि ही जमिनीला शिवायला तयार नाही.

दोर थांबला तेव्हा तिने विचारलं, "बाबा, तू रडतोयस?"

"सिमेंट गेलं डोळ्यात."

"सिमेंट तर केव्हाच वाळलं."

तिने परत दोर उचलला आणि मी परत बघत उभा राहिलो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आता गाडी रुळावर आली आहे. सकाळी शाळेआधी शेडमध्ये, संध्याकाळी शाळेनंतर शेडमध्ये, क्लबचे दिवस वेगळे. सुट्टी नाही. मी कामावरून येतो तो थेट शेडच्या दारात. चहासुद्धा तिथेच. ती उड्या मारताना मधूनच माझ्याकडे बघते, मी अंगठा वर करतो, ती आणखी जोरात सुरू होते.

सकाळी हिने एक खुसपट काढलं. "ती उठल्यावर जिना कशी उतरते बघितलंत? कठडा धरून, आडवी पावलं टाकत. खेकड्यासारखी."

म्हटलं, झोपेत असते. आणि समजा दुखत असेल थोडं, तर? खेळणारं अंग आहे. माझे गुडघे एवढी वर्षं ठणकतायत, मी कधी कुणाला सांगितलं? नाकतोडा समोर बसून दूध पीत होती. तिला म्हटलं, "आपण रडगाणं गाणारी माणसं नाही, काय?"

"नाही," ती म्हणाली. शाब्बास.

९ मार्च, रविवार

आज जे बघितलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ती उड्या मारत होती आणि मी पहिल्यांदाच तिच्या पायांकडे नीट बघितलं, आमच्या धंद्यात बघतात तसं, डोळा जमिनीला लावून. टाच टेकतच नाही! एकदाही नाही. सगळं चवड्यांवर. माणसाचा सगळा भार एवढ्याशा चवड्यावर झेलायचा आणि परत वर जायचं. मी उठून बसलो तर गालाला धूळ लागलेली. आणि हे फक्त उड्यांपुरतं नाही. सराव संपवून ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली तेव्हाही टाचा उचललेल्याच. दात घासतानासुद्धा. तिच्या अंगातच भिनलंय ते.

संध्याकाळी मॅडमना फोन करून सांगितलं. त्याही खूश. म्हणाल्या, "अहो, मी वर्षभर हेच तर सांगत होते. टाचा उचला, टाचा उचला. बाकीच्या मुलींच्या डोक्यात शिरत नाही. उद्या तिलाच पुढे उभं करते सगळ्यांना दाखवायला."

ही म्हणाली, "घरात मांजरासारखी का चालते ती?" म्हटलं, तुला चष्मा बदलायची वेळ आली आहे. ती हसली नाही.

१६ मार्च, रविवार

बूट परत लहान झाले. दुकानदार म्हणाला, हिचे पाय आहेत की भोपळ्याचे वेल? आईच्या खांद्याला लागत होती, आता कानाला लागते. हे कधी झालं कळलंच नाही.

फ्रीजमधला बर्फ कोण संपवतंय तेही कळत नाही. सरबत करायला गेलो तर ट्रे रिकामा, आणि न्हाणीघरात ओला टॉवेल पडलेला. हिच्याशी त्यावरून उगाच वाजलं.

३० मार्च, रविवार

मेहुणा आला होता. त्याला शेडमध्ये नेलं, आधी फरशी दाखवली, मग मुलगी. फरशीवर त्याने मान हलवली, मुलीवर तोंडात बोटं घातली. तिने आज कमालच केली. हात समोर कातरीसारखे ओलांडून, दोर दोनदा, परत सरळ, परत ओलांडून. चेहरा असा शांत की जणू ती तिथे नाहीच. मेहुणा माझा हात घट्ट धरून उभा होता आणि त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

संपल्यावर ती तिथेच फरशीवर बसली आणि हसत म्हणाली, "मामा, मला खांद्यावर घेऊन आत ने." मी म्हटलं, एवढी घोडी झालीस आणि मामाच्या खांद्यावर? पण हटूनच बसली. मामाही काय, लगेच वाकला. लाडच आहेत.

१० एप्रिल, गुरुवार

काय लिहावं समजत नाही, पण लिहितो.

सकाळी कामावर निघालो आणि अर्ध्या वाटेतून परत आलो, कारण थापी घरीच राहिली होती. ही दुकानात गेली होती. दार उघडून आत आलो, तर नाकतोडा पलंगापासून न्हाणीघराकडे चालली होती. हातांवर आणि गुडघ्यांवर. रांगत. दोन्ही पावलं मागे उचलून धरलेली, जमिनीला लागू नयेत अशी. इतक्या सवयीने रांगत होती की हे आजचं नाही हे मलाही कळलं.

मला बघून ती जागीच थांबली.

"काय गं हे?"

"काही नाही. खेळत होते."

"काय खेळत होतीस?"

ती म्हणाली, "बाळ बाळ."

मी तिला उचलली. खूप दिवसांनी उचलली. पाय माझ्या गुडघ्यांच्याही खाली लोंबत होते. थापी राहिली बाजूला, कामावर गेलोच नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

मुलांच्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तिघंही. टेबलावर लाकडी प्राणी ठेवले होते आणि भिंतीवर हाडांचा सांगाडा, त्याच्या डोक्यावर कुणीतरी टोपी घातलेली. मी सगळं बोलायला लागलो तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि मुलीची टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली.

नाकतोड्याचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. फक्त खुर्चीची कड धरलेली बोटं पांढरी झाली.

"दुखलं?"

तिने आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "नाही."

डॉक्टरीणबाई तिच्या बोटांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "बाळा, इथे शूर लोकांना बक्षीस मिळत नाही. खरं सांगणाऱ्यांना मिळतं." आणि समोरचा लाकडी जिराफ तिच्या हातात दिला. दुसरी टाच दाबली. तेव्हा ती "आई गं" म्हणाली, अगदी हळू. हिने तोंड फिरवलं.

खात्रीसाठी टाचेचा एक्स-रे फोटो काढला. तो काचेवर लावला. मला भेग लांबून दिसते, त्यावरच तर माझं पोट आहे. टाचेच्या हाडामागे एक चंद्रकोरीसारखा तुकडा सुटा दिसत होता आणि दोघांमध्ये काळी रेघ, आरपार. मी म्हटलं, "मोडलंय."

"मोडलं नाही," त्या म्हणाल्या. "अजून जोडलंच गेलेलं नाही."

मग त्यांनी बोट ठेवून समजावलं. मुलांच्या टाचेचं हाड एकसंध नसतं. मागची कड वेगळी तयार होते, मध्ये मऊ कूर्चा असते आणि तिथूनच हाड वाढतं. चौदा-पंधराव्या वर्षी ते सगळं एक होतं आणि ही रेघ पुसली जाते, शोधून सापडत नाही. सध्या हिचं हाड भराभर वाढतंय आणि पोटरी मागे पडली आहे, त्यामुळे ती पोटरी त्या कच्च्या कडेला सारखी ओढून धरते. त्यात रोजच्या उड्या, दोनदोन वेळा. त्याला कसलंसं नाव आहे, ते काही माझ्या लक्षात राहिलं नाही. खेळणाऱ्या मुलांत खूप दिसतं म्हणाल्या. कायमचं काही नुकसान नाही. पण आता थांबायला हवं.

"आणि टाच टेकली की दुखतं," त्या म्हणाल्या, "म्हणून मुलं चवड्यांवर चालायला लागतात. तुमच्या लक्षात आलं असेल."

आलं होतं. मी जमिनीला गाल लावून बघितलं होतं, फोन करून सांगितलं होतं. ही माझ्याकडे बघत होती आणि तिने तोंडातून एक शब्द काढला नाही. तिने काढला असता तर बरं झालं असतं.

मी मात्र त्या फोटोसमोरून हलेना. काँक्रीट कच्चं असतं तेव्हा मी मांजराला फिरकू देत नाही आणि इथे घरातच, रोज, हे चाललंय. कुणी गवंडी नाही, थापी नाही, आवाज नाही, आणि हाड बनतंय. ती भांडते तेव्हा बनतंय, दूध पिते तेव्हा बनतंय. मी आजवर तिच्या उड्या बघून थक्क होत होतो. खरी करामत बुटाच्या आत चालली होती. मला हात जोडावेसे वाटले, पण कुणापुढे जोडायचे ते कळेना. डॉक्टरीणबाईंना वाटलं मला समजलं नाही, म्हणून त्यांनी परत पहिल्यापासून सांगितलं. मी परत सगळं ऐकलं.

शेवटी त्यांनी विचारलं, "सराव कसल्या जमिनीवर करते?"

नाकतोडा म्हणाली, "बाबाने केली आहे. खूप छान आहे." डॉक्टरीणबाईंची नजर माझ्या हातांवर गेली.

१३ एप्रिल, रविवार

मोठा हातोडा घेऊन शेडमध्ये गेलो. आज ती फरशी फोडायचीच होती. पहिला घाव घालणार तेवढ्यात ही कपड्यांची बादली घेऊन आली आणि मधोमध उभी राहिली.

"फरशीने काय केलं? सकाळ-संध्याकाळ उड्या मार असं फरशीने सांगितलं होतं? सरका, कपडे वाळत घालायचे आहेत."

घातले. दोन दोर आडवे बांधून आमच्या चादरी टांगल्या. मी हातोडा घेऊन चादरींमध्ये वेड्यासारखा उभा. हसू आलं असतं, पण आलं नाही.

मग नाकतोडा आली. तिला विचारलं, "आम्हाला सांगितलं का नाहीस?"

बराच वेळ ती चादरीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तू दारात उभा राहून बघायचास ना, तेव्हा तुझा चेहरा कसला भारी व्हायचा. मग मला थांबता यायचं नाही."

आणि थोड्या वेळाने, "आपण सांगणारी माणसं नाही ना, म्हणून."

मी हातोडा जागेवर ठेवला.

२७ एप्रिल, रविवार

उड्या पूर्ण बंद. बुटात टाचेखाली जाड गाद्या घातल्या आहेत. सकाळ-संध्याकाळ भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, तीही ताणते, मीही शेजारी उभा राहून ताणतो. ही म्हणते, दोघं मिळून भिंत ढकलताय की काय?

ती चिडचिडी झाली आहे. ताटावरून उठते, दारं आपटते. क्लबात जाते ती फक्त दुसऱ्यांसाठी दोर फिरवायला. काल तिकडून आल्यावर म्हणाली, क्लबातली ती लांब वेणीवाली मुलगी आता छान मारते, तीच जाईल जोडीत. मग उशीत तोंड खुपसलं.

मॅडम घरी येऊन गेल्या. चेहरा पार उतरलेला. "मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं," म्हणाल्या, "बघा म्हटलं, टाच कशी उचलायची ते. आणि ती बिचारी..." मी म्हटलं, मॅडम, तुम्ही एकट्या नाही, आपण दोघांनी मिळून टाळ्या वाजवल्या. चहा दोघांचाही गार झाला.

२५ मे, रविवार

जिना सरळ उतरते आहे. परवा मी सोफ्यावर बसलो होतो आणि ती समोरून चालत गेली, टाच, मग पाऊल, टाच, मग पाऊल, साधं माणसासारखं. मी पेपर खाली ठेवून बघत राहिलो. माणूस चालतो कसा हे मी आजवर बघितलंच नव्हतं. केवढी गोष्ट आहे ती.

डॉक्टरीणबाईंनी उड्यांना परवानगी दिली. थोड्या, मऊ लाकडी जमिनीवर, क्लबातच, एक दिवस आड. जून जवळ आला आहे म्हणून मी विचारलं, निवडीला उतरू देऊ? त्या म्हणाल्या, "उतरू दे. दुखलं की थांबायचं, एवढी एकच अट. पण दुखतंय का, ते मला इथे बसून कळत नाही आणि तुम्हाला दारात उभं राहून कळणार नाही. ते फक्त तिला कळतं. तिने सांगायला हवं."

झालं. आता हाच घोर. टाच बरी होईल, पण ही पोरगी सांगेल का? मी दिवसभर विचारतो, दुखतंय? ती म्हणते, नाही. डॉक्टरांकडेही आधी नाहीच म्हणाली होती. हसली तरी संशय येतो, गप्प बसली तरी येतो. जोडीत जायचं म्हणून दात आवळून ती सगळं सोसेल आणि मला पत्ता लागणार नाही, कारण ते मीच शिकवलंय.

हिला म्हटलं, काय करू? म्हणाली, "विचारणं बंद करा. आधी तुमचं सांगा."

म्हणून शुक्रवारी रात्री जेवताना मी म्हटलं, "आज माझा डावा गुडघा फार दुखतोय."

दोघी घास हातात धरून माझ्याकडे बघायला लागल्या, जणू भिंत बोलली. मग नाकतोडा म्हणाली, "मग उद्या जाऊ नकोस कामावर." म्हटलं, काम अर्धं पडलंय. ती म्हणाली, "बाबा, दुखलं की थांबायचं." मी गेलो नाही. दिवसभर घरात बसून काय करायचं ते कळेना, पण गेलो नाही. मालकाचा फोन आला त्याला खरं कारण सांगितलं, तर तोच त्याच्या कंबरेबद्दल बोलत बसला.

१४ जून, शनिवार

उद्या निवड. नाकतोडा तयारीत आहे, मॅडम म्हणतात पहिल्यासारखी मारते. कदाचित पहिल्यापेक्षा चांगली. मी तिला एकच गोष्ट सांगायला गेलो आणि न सांगताच परत आलो. सगळं सांगून झालंय. आता परत सांगितलं तर तेही ओझंच होईल.

१५ जून, रविवार

हॉल गच्च भरला होता. आईबाप, आजी-आजोबा, लहान पोरं. आम्ही दोघं तिसऱ्या रांगेत. ही शांत बसली होती, मी खुर्चीचा हात कुरतडत होतो.

पाळी आली. दोघी मुली समोरासमोर, दोर एकमेकींच्या दोरांतून असे फिरवायचे की एकीची चूक झाली तर दोघींचा गुंता. लांब वेणीवाली बाकावर बसून वाट बघत होती. आमच्या नाकतोड्याने बूट आवळले, जोडीदारणीकडे बघून मान हलवली आणि दोघी सुरू झाल्या.

मी बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलंच. काय सांगू. दोन मुली आणि दोन दोर वेगळे दिसेनात. सगळा हॉल गप्प झाला, कुठेतरी एक बाळ रडत होतं तेही थांबलं. टाच टेकत होती, हलकेच, आणि परत वर. परीक्षक लिहायचं सोडून बघत बसले होते. माझ्या पुढच्या रांगेतले गृहस्थ बायकोला म्हणाले, "ती उजवीकडची बघ." उजवीकडची माझी होती.

शेवटचा वेगाचा भाग तेवढा राहिला होता. तिच्या चेहऱ्यावर मला काहीच दिसलं नाही. शपथेवर सांगतो, काहीच नाही. डोळे, ओठ, सगळं जागच्या जागी. कुणालाच कळलं नसतं. मलाही नाही, मॅडमनाही नाही, डॉक्टरांनाही नाही.

आणि ती थांबली.

दोर पायाशी पडला. जोडीदारीण अडखळली. नाकतोड्याने हात वर केला, वर्गात करतात तसा, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मॅडम, माझी टाच दुखते आहे."

अरेरे, असा एकच आवाज सगळीकडून आला. पुढचे गृहस्थ म्हणाले, "थोडक्यात गेलं बिचारीचं." मॅडम धावत गेल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला, लांब वेणीवाली उठली आणि आपला दोर सोडवायला लागली. ते लोक म्हणत होते ते खरंच होतं, थोडक्यात गेलं होतं. पण मी त्या खुर्चीत असा बसलो होतो जसं कुणी माझ्या डोळ्यांसमोर भिंतीतून चालत आलं. एवढ्या लोकांसमोर, एवढ्या जवळ येऊन, जे मला या वयापर्यंत जमलं नव्हतं ते ती अकराव्या वर्षी करून मोकळी झाली. तिच्या सगळ्या उड्या मी बघितल्या आहेत. एवढी उंच एकही नव्हती.

ती आमच्याकडे आली तेव्हा डोळे भरलेले होते. आईच्या कुशीत डोकं घालून रडली, भरपूर, नाक वाजवून. मी पाठीवरून हात फिरवत होतो. समोर लांब वेणीवालीची जोडी सुरू झाली होती. नाकतोडा रडत रडतच तिकडे वळून बघायला लागली. मग नाक पुसलं, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली, बूट काढला, मोजा काढला आणि पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

माझा अंगठा तिने स्वतः धरून टाचेवर नेला.

"इथे," म्हणाली.

"इथे?"

"नाही, जरा मागे. हां. इथे दुखतंय, बाबा."